दुसऱ्याच्या नावाचा मिक्सर

६ एप्रिल
काकांनी डिंडोलीच्या दुकानात पाटी लावली. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तीही गुजरातीत. म्हटलं, ‘काका, आपली निम्मी गिऱ्हाइकं मराठी आहेत.’ म्हणाले, ‘वाचता नाही आलं तर आणखी बरं.’ आणि स्वतःच हसले.
आबांनी लूमवरची नोकरी सोडून पंखे विकायला घेतले तेव्हा लोक आले ते माल परत घेतो म्हणूनच. लग्नात तीन मामांचे तीन मिक्सर येतात. दोन आमच्याकडे आणा, बदल्यात कूलर न्या. एवढ्यावर एका दुकानाची तीन झाली. अट एकच, भांड्यावर नाव कोरलं की परत नाही. नावं कोरायचं काम माझं. शाळेत जायच्या आधी आबांनी काउंटरवर बसवून अक्षरं शिकवली, ती स्टीलवर.
पाटी काढावी का? काढली नाही. भित्री.

१२ एप्रिल
इच्छापोरच्या रस्त्यावरच्या आमच्या शोरूमला जाऊन आले. काकांचा मुलगा भावेश तिथला साहेब. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच समुद्र. गिऱ्हाईक नाही. डिंडोली आणि नवागाम, दोन्ही दुकानांची कमाई त्या काचेत गेली.
जेवताना काका : ‘डिंडोली विकून टाकू. पंख्याचं दुकान ते.’
‘तेच तर चालतं.’
‘तू उद्या सासरी जाशील. दुकान काय आंदण द्यायचं तुला?’
आबा वरणात भाकरी कुस्करत होते. कुस्करतच राहिले. काकांचा राग येतो, पण आबांचा, बापाचा, जास्त. हे लिहिणं बरोबर आहे का? परत वाचलं. बरोबर आहे.

२० एप्रिल
काल नवागामला ओळखीच्या घरचं लग्न. अहेर माइकवर पुकारत होते. नवरीच्या मामांनी, रघुनाथमामांनी, आमच्या शोरूममधून मिक्सर आणलेला. माइकवाल्याने हौसेने खोकं उघडलं, भांडं वर धरलं आणि कोरलेलं वाचलं, ‘चि. सौ. कां. वैशालीस, सुपडूमामांकडून.’
नवरीचं नाव अश्विनी.
आधी हशा. मग मागून कुणीतरी, ‘मामा, कोना उष्टा मिक्सर लई उनात?’ रघुनाथमामा उठले आणि न जेवता गेले. सख्ख्या भाचीच्या लग्नातून.
भांडं या हातातून त्या हातात फिरत माझ्यापर्यंत आलं. अक्षर माझं. केव्हातरी त्या वैशालीच्या लग्नासाठी कोरलेलं. आणि नावं कोण कोरतं, हे सगळ्या मांडवाला माहीत. बायका भांड्याकडे बघत, मग माझ्याकडे. आबा म्हणाले, ‘चल.’ एवढंच.

२१ एप्रिल
भावेशला विचारलं. नाकारायचे कष्टही घेतले नाहीत. नाव कोरलेले मिक्सर तो शोरूमवर स्वस्तात घेतो, नव्या खोक्यात भरतो, नवी पट्टी मारतो.
‘एमां शुं थयुं, बेन? मोटर तो नवी ज हती.’ म्हणे, त्यात काय झालं!
‘आणि नाव?’
‘ते घासायचं राहून गेलं.’
राहून गेलं!

२६ एप्रिल
बायका डिंडोलीच्या दुकानाच्या पायरीवरच खोकी उघडतात, भांडी उलटीपालटी करून बघतात. एकीने तर नव्या कुकरचा वास घेतला. नवागामच्या दुकानात कुणी फिरकत नाही. जाता जाता एक म्हातारी, ‘तीन दुकानं झाली नि डोळे फुटले.’ माझ्याकडे बघून. सांगता आलं असतं की मी नाही केलं. पण मग कोणी, हेही सांगावं लागलं असतं.

२९ एप्रिल
काकांनी ठरवलंय. रघुनाथमामांकडे जायचं आणि मी म्हणायचं, पॅकिंग माझ्या हातून चुकलं. ‘पोरीला लोक माफ करतात. भावेशचं लग्न ठरतंय, त्याचं नाव यात नको.’ मी एवढं केलं तर डिंडोली विकणार नाहीत. शब्द देतात म्हणे.
माय भांडी घासता घासता, ‘यास्ना शब्द!’
आबांना वाटलं होतं मी विचारणार नाही. विचारलं, ‘खोटं सांगू?’ म्हणाले, ‘सांगी दे, पोरी. तुन्हं काय जास?’
माझं काय जातं. लोक उद्या माझ्या हाताकडे संशयाने बघून नाव कोरायला डबा पुढे करतील, ते जातं. तोंडावर बोलता आलं नाही. इथे लिहून काय उपयोग.

२ मे
काका, आबा आणि मी गेलो. रघुनाथमामांनी बसाही म्हटलं नाही. लग्नघरून त्यांच्याकडे परत आलेलं भांडं पुढे ठेवलं.
‘कोनं अक्षर शे हाई?’
‘माझं.’
शेजारी काकांनी श्वास सोडला. सुटल्यासारखा. तो ऐकला आणि मला राहवलं नाही. ‘अक्षर माझं. खोकं माझं नाही. ते भावेशने भरलं, शोरूमवर.’
मामांनी आबांकडे पाहिलं. ‘खरं शे का?’
आबा चपला शोधायला लागले. त्या पायातच होत्या.
परतताना गाडीत काका, ‘भाऊ, तुझ्या पोरीने घर जाळलं.’
आबा : ‘हं.’

४ मे
सकाळी डिंडोलीचं दुकान उघडून बसले तोच काका जागेच्या दलालाला घेऊन आले. त्याच्या हातात टेप. ‘ताई, जरा उठा, मागची भिंत मोजायचीय.’
उठले नाही.
‘भाऊ, सांग ना तिला,’ काका दारातल्या आबांना म्हणाले. आबांनी मला ऊठ म्हटलं नाही. दलालाला थांबही म्हटलं नाही.
एक बाई पायरीशी घुटमळत होती. ‘चालू शे का दुकान?’
‘चालू आहे. या.’
ती आत आली. दलालाने माझ्या स्टुलाला वळसा घालून टेप नेला.