शतावरीचा पहिला क्रमांक

आई,

समस्त-कवठेमहांकाळ-मूलिकाकुट्टन-चूडामणी, चूल-खलबत्ता-उभयपीठाधीश्वरी, वंध्यत्वनिवारण-साम्राज्ञी, नवरेमंडळ-भयंकरी अशा तुझ्या चरणी कराडच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील प्राध्यापक-चिरंजीवाचा साष्टांग दंडवत. पदव्या संपल्या; आता भीती सांगतो.

मी हल्ली मुळ्या कुटत नाही. वनस्पतींतील रेणूंच्या आकृत्या संगणकात घालतो आणि स्त्रीच्या हार्मोनांशी निगडित प्रथिनाच्या खाचेत कोणता रेणू नीट बसतो, ते यंत्राकडून क्रमवार लावून घेतो. गेल्या महिन्यात शतावरीतील एक रेणू अग्रस्थानी आला. ती वार्ता मी जेवताना दिग्विजयाच्या थाटात घोषित केली. तुझी नात माहेरी आलेली होती. लग्नाला सहा वर्षे, पाळीचा ठिकाणा नाही, सांगलीच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू. ती पुढचा भात नको म्हणाली, इतकेच.

काल कळले, तिने गोळ्या बंद करून शतावरीचे चूर्ण सुरू केले आहे. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, पहिला नंबर कुणी काढला? मी काढला काय?"

मला तुझे स्वयंपाकघर आठवले. मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तू रानात गेलेली, आणि दारात आलेल्या एका बाईला मी डब्यातली मुळी मोठ्या पांडित्याने देऊन टाकतो. तू येतेस, चपलाही न काढता विचारतेस, "दादला आलता संगं?"

"नाही."

"पाळी कवा आलीया, इचारलंस?"

"नाही."

"मग काय बघून दिलीस रं? मुळी?"

आणि मला सायकलवरून तिच्या मागे पिटाळतेस. जोडपे समोर बसल्याशिवाय तू कुणाला चिमूटभरही दिले नाहीस. माझ्या यंत्रापुढे कुणीच बसत नाही. खाच आणि रेणू, दोघेच.

आत्ता सांगलीच्या दवाखान्यात आहे. तुझी नात आणि तिचा नवरा, दोघे आत गेली आहेत. मी उठलो, तर म्हणाली, "तुम्ही बाहेरच थांबा. आत येऊन भाषण कराल." गोळ्या मध्येच सोडल्याने काय बिघडले, ते आत ठरते आहे. अग्रस्थान म्हणजे औषध नव्हे, हे मी वर्गात दरवर्षी बजावतो. त्या दिवशी ताटावर बजावले नाही, कारण मला टाळ्या हव्या होत्या. हे तिला अद्याप सांगितलेले नाही. तुलाही सांगतो ते या कागदावर, जो खिशातच राहणार.

दार अजून बंद आहे. आणि हे बाक, आई, एका अंगाला इतके डुगडुगते की अक्षर बिघडते. दोनदा तक्रार केली. खिडकीतली बाई म्हणते, "दुरुस्तीवाला जेवायला गेलाय."