कासवाच्या नकाशातला ठिपका

३ नोव्हेंबर, रविवार
आज सूर गावी, सासरी आले. लग्नाला आठ दिवस झाले. म्हणजे नव्याच्या नऊ दिवसांतला एक अजून हातात आहे, असं मी गाडीत नवऱ्याला, मुहन्नाला म्हटलं, तर तो माझ्या माहेरापासून, निझवापासून, सूरपर्यंत हसतच राहिला.

घर लहान, पण उजेडाचं. पुढे बैठकीची खोली, तिच्या बाजूला स्वयंपाकघर, मग पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला अम्माची, म्हणजे माझ्या सासूबाईंची खोली. बारा वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली, तरी घरात ती माझ्यापेक्षा भरभर चालते. पलंगापासून मंदूस पेटी चार पावलं, पेटीपासून दार पाच. पेटीचे पितळी खिळे हाताला लागले की तिला कळतं, आता वळायचं. तिने माझा चेहरा चाचपून पाहिला आणि झुवैनाचं नाक जरा मोठंच आहे, पण चालेल, असा निकाल दिला.

संध्याकाळी तिने लोबान जाळला. धुपाटणं घेऊन आधी स्वतःच्या खोलीत, मग पॅसेजमध्ये, मग बैठकीत, शेवटी बाहेरच्या दाराशी. नेहमी आतून बाहेर जायचं, उलटं कधी नाही, असं तिने मला बजावलं. मी शिंकून शिंकून बेजार झाले. मजेत आहे मी.

५ नोव्हेंबर, मंगळवार
मुहन्ना आज तेलविहिरींवर गेला, चौदा दिवसांसाठी. जाताना एकच म्हणाला, आई तुझ्या हवाली. गेल्या वर्षी अम्मा पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा पडली तर उठायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून या घरात कुठलीही वस्तू बोटभरसुद्धा हलवायची नाही.

आणि केर काढायला त्यानेच हा रोबो आणून ठेवलाय! अम्मा त्याला कासव म्हणते. कासव कसलं, रेडा आहे. सोफा, कपाट, पेटी, दिसेल त्याला धडक. आज त्याने तिवई वीतभर सरकवली आणि अम्माची नडगी सोलवटली. तिने ओढणीच्या टोकाने रक्त पुसलं. मलाच रडू आलं. तंत्रनिकेतनात तीन वर्षं घालवली, एवढं यंत्र दुरुस्त करता येत नसेल तर काय उपयोग?

६ नोव्हेंबर, बुधवार
कासव उलटं करून स्वयंपाकघराच्या टेबलावर खोललं. चाकं ठीक, ब्रशमध्ये माझेच केस. बंपर मोकळा हलतोय. पण पुढच्या सेन्सरच्या काचेवर पिवळट, चिकट थर. वास घेतला आणि हसायलाच आलं. लोबान! रोजच्या धुराने बिचाऱ्याच्या डोळ्यावर पडदा आलाय. स्पिरिटने पुसला, तर संध्याकाळच्या धुराने पुन्हा बसला.

मग अम्माला विनवलं की मुहन्ना येईपर्यंत लोबान नको. तुमच्याच पायांसाठी म्हणतेय, असंही सांगितलं. 

"मी काही वासासाठी जाळत नाही गं," ती म्हणाली. "पण घर आता तुझंय. तू म्हणशील तसं."

८ नोव्हेंबर, शुक्रवार
दोन दिवसांत एकही धडक नाही! वस्तू आली की कासव थांबतं, वळसा घालतं, नव्या नवरीसारखं अंग चोरून जातं. मोबाईलवर घराचा सुंदर नकाशा तयार होतो, प्रत्येक वस्तूच्या जागी करडा ठिपका. मुहन्नाला पाठवला. अम्माने आज कहव्याबरोबर स्वतःच्या हाताने खजूर भरवला.

१० नोव्हेंबर, रविवार
कासव पुन्हा बिघडलं. पण आता वस्तूंना धडकत नाही. बाहेरच्या दाराच्या आत, उंबरठ्यापाशी, मोकळ्या फरशीवर धडकतं. बंपर आत दबतो, ठक असा आवाज येतो, ते मागे येतं आणि पुन्हा ठक. मी तिथे उभी राहून पाहिलं. काही नाही.

नकाशात तिथे करडा ठिपका आलाय. तिवईएवढा. काच पुसली, नकाशा पुसून नव्याने काढायला लावला. ठिपका आहेच.

११ नोव्हेंबर, सोमवार
ठिपका आज बैठकीच्या मधोमध. कालच्या जागी काही नाही. बंपर बदलला, लहरी आड येत असतील म्हणून अम्माच्या रेडिओची तार काढून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

बिघाड एका जागी राहतो. बिघाड चालत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
 दुपारी अम्मा बैठकीतून खोलीकडे निघाली. सोफा, कपाट, आणि मग पॅसेजच्या तोंडाशी तिचा हात हवेत थांबला. टेकला. ती चाचपत राहिली, वरून खाली, सावकाश.

"हे काय नवीन आणलंस?" तिने विचारलं. "आणि इतकं गरम कसं गं?"

मी तिला ओढून घेतलं. तिथे काही नव्हतं. तिथे काहीच नव्हतं.

रात्री मला झोपायला एक घोंगडी तिच्या पलंगाशी टाकलीय.

१३ नोव्हेंबर, बुधवार
मुहन्नाला फोन केला. तो म्हणाला, उंटावरची शहाणी, तूच दुरुस्त करतेस आणि तूच बिघडवतेस. आवाज तुटत होता. रजा मिळणार नाही म्हणाला. मी रडले तेव्हा त्याने समजूत काढली. पण रजा नाहीच.

कासव फेकून द्यावंसं वाटतं. पण मग ते जे काही आहे, ते कुठे आहे हे मला कोण सांगणार?

आज ठिपका पुन्हा बैठकीत. बाहेर जातंय, मला वाटलं. आता हाकलायचंच. निखारे केले, डब्यातला होता नव्हता तेवढा सगळा लोबान टाकला. दारापासून सुरुवात केली. बैठक, सोफ्यामागे, कपाटामागे, मग पॅसेज, शेवटपर्यंत. धूर एके ठिकाणी दुभंगला आणि मागे सरकला. सरकला! मी पुढे, तो मागे. आता डबा रिकामा आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी कासव सोडलं. बैठकीत ठिपका नाही. पॅसेजमध्ये नाही. दोनदा पाहिलं. गेलं! अल्लाची कृपा. तरीही इथे थांबायचं नाही. शेजारची रहमा दुपारच्या नमाजानंतर गाडी घेऊन येतेय, आम्ही दोघी तिच्याकडे जाणार. अम्मा जेवून पडलीय. मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले, माशाचं कालवण.

कालचं आठवलं की अजून काटा येतो, मी धुपाटणं घेऊन पुढे आणि धूर मागे, मागे, दारापासून थेट अम्माच्या खोलीप—

दारापासून.

आतून बाहेर. नेहमी आतून बाहेर, ती म्हणाली होती. मी उलटं— मीच ढकलत नेलं, मीच त्याला तिच्या—

कासव कुठाय? खोलीत शिरलंय. दार उघडं राहिलं. ठक. मोबाईलवर एकेक ठिपका उमटतोय. पेटी. खुर्ची. पलंग. ठक. पलंगाला लागून आणखी एक—

अम्मा उठली. पावलं मोजतेय. एक. दोन.

हाक मारतेय मी, आवाज फुटत नाही— हात लिहितोय नुसता— पाय—

तीन.

ती बोलतेय कुणाशी तरी. हसून.

"आलीस होय झुवैना? हात सोड गं पोरी, भाजतोय. मी पडत नाही, तू आहेस ना धराय—"