निळी पुरचुंडी

१२ फेब्रुवारी

आज आसेगावले जाऊन आलो. कारण इथं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच मला खोटं सांगीन. व. साठी गेलो, लढाईसाठी नाही. (व. म्हणजे वैशाली. यापुढं व. च लिहायचं. दादानं वही पाहिली तर मेलो.)

परवा वाशीमच्या स्टँडवर तीच म्हणाली, "आमचे आबाजी फौजेत होते. तोफखान्यात. घरी कोनी त्याईले इचारत नाई. तुले आवड हाये ना असल्याची? ये ना मंग."

ये ना मंग. दोन दिवस हेच कानात.

आबाजी म्हणजे तिचे आजोबा. एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या रेतीत होते. अंग वाळलेलं, पाठ अजून सरळ. उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याला डावीकडं बसवतात.

मी म्हटलं, लढाईवर अभ्यास करून राह्यलो.

"कोन्या कॉलेजात?"

"सोडलं कॉलेज."

"मंग कायचा अभ्यास बे?"

आतून व. हसली. पुण्याहून आल्यापासून माझ्यावर पुष्कळ जण हसले. हे एकच हसणं परत ऐकावंसं वाटतं.

१५ फेब्रु.

सकाळी बाबासोबत वांगी, सांबार (पुण्याची कोथिंबीर) बाजारात टाकलं अन् तसाच लायब्ररीत. वाळवंटातल्या लढाईवर एकच पुस्तक निघालं, नकाशांची पानं सुटलेली. बसून वाचलं. खोटं कशाला, दोन पानांनंतर व. ची आठवण पण नाही आली.

तोफखान्याची एक रेजिमेंट. तिच्या तीन बॅटऱ्या. एका बॅटरीत सहा तोफा. प्रत्येक तोफेवर एक हवालदार अन् त्याची पोरं. तोफा मागं राहतात. साहेब पुढं, पायदळाबरोबर. तो दुर्बिणीतून पाहतो अन् वायरलेसवर सांगतो, इतकं वाढवा, इतकं कमी करा.

आबाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "बराबर. तोफवाल्याले आपला गोया कुठं पडला ते जिंदगीत दिसत नाई. फक्त आवाज."

तिचा बाप ट्रॅक्टर लावत होता. तिथूनच, "बॅटरी बॅटरी चालू हाये दोघाईचं. सेल आणू का?"

१९ फेब्रु.

मी नेलेली वांगी आबाजींनी अंगणात मांडली. सहा. ही आपली बॅटरी. दूर तुळशीपाशी एक जोडा ठेवला: टेकाड, त्यावर आपलं पायदळ. जोड्याच्या पलीकडं दुश्मन.

"आपल्याच पोराईच्या डोक्यावरून मारा लागे," म्हणाले.

व. पाणी घेऊन आली तर तिला आत पाठवलं. मग मला डावीकडं सरकवलं.

"एका सांजेले एक गोया कमी पडला. तिकडं नाई गेला. टेकाडावरच."

"कोनाचा?"

"तेच तं. तिन्ही बॅटऱ्या मारत होत्या असं तवा सांगत. चौकशी झाली. लढाई सरली. साहेब बदलून गेले. मी पेन्शनीत आलो. कोनी सांगितलंच नाई." जोड्याकडं पाहत होते. "तू अभ्यास करतं ना? मंग पाय. कोन्या बॅटरीचा होता."

मी हो म्हटलं. व. च्या आजोबाला दुसरं काय म्हणणार.

गाडीला किक मारताना मागून आबाजी, "आमचा नसन."

गेटपाशी व. म्हणाली, सांज झाली की आबाजी अंगणात उभे राहून कान देतात. लहानपणी तिला वाटे, गाई आल्या का ऐकतात. गाई विकून किती वर्षं झाली.

२६ फेब्रु.

माजी सैनिकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात शिरलो. आधी सगळ्यांनी हाकललं. "कोण तू, कशाला पाहिजे?" मीही वाकडं बोललो. मग बाबाच्या भाषेत, नरम आवाजात पुन्हा लिहिलं. एका सुभेदारांनी नंबर दिला. नांदेडकडचे आहेत. त्याच रेजिमेंटचे, तिसऱ्या बॅटरीतले.

३ मार्च

सुभेदारांशी बोललो. आवाज चांगला, सारखे खोकतात. म्हणाले, "त्या दिवशी आमच्या गाड्या रेतीत बसल्या, बेटा. रात्र पडेपर्यंत फावडीच मारत होतो. तोफ लावलीच नाही."

तिसरी गेली.

आबाजींना सांगितलं. नुसतं "हं" म्हणाले. मग अंगणातल्या वांग्यांकडं पाहिलं (रोज नवी मांडतात, संध्याकाळी व. ची आई त्याची भाजी करते). "मंग दोन."

८ मार्च

रेजिमेंट एक असली तरी लढाईत बॅटरी उसनी देतात, हे मला माहीत नव्हतं. शेतावर फवारणीचा पंप देतात तसं. आज लायब्ररीत ती सुटलेली नकाशाची पानं जुळवली. त्या दुपारी दुसरी बॅटरी शेजारच्या ब्रिगेडला दिलेली होती. बाणाचं तोंड साफ दक्षिणेला. ती या टेकाडाकडं मारूच शकत नव्हती.

सुभेदारांना फोन करून विचारलं. खोकले. "हो, ते दुसरीकडं होते." मग म्हणाले, "पोरा, तू कोणासाठी विचारतोस?"

सांगितलं नाही.

११ मार्च

गेलो नाही आसेगावला.

आज खदानीत सुरुंग फुटला तर मी वांग्याच्या वाफ्यात खाली बसलो. बाबा म्हणाले, काय झालं? म्हटलं, काटा. संध्याकाळी मोटार बंद केली की कानात एक रिकामी जागा होते. तिथं मी वाट पाहतो. कशाची ते लिहवत नाही. आवाजानंतर गोळा पडायला जो वेळ लागतो, तो माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस तोफेपाशी उभा आहे, अन् दूर कुठंतरी त्याचं काम अजून व्हायचं आहे.

मला व्हायचं काय होतं, अन् मी काय होऊन राह्यलो.

१४ मार्च

व. ला स्टँडवर सांगितलं. एकच बॅटरी उरली. आबाजींची.

ती म्हणाली, "त्याईले सांगू नोको. दुसरी होती म्हन."

"खोटं सांगू?"

"तू मले भेटाले येतं अन् घरात अभ्यास म्हनतं. ते काय हाये?"

मी गाडीची चावी काढली, परत लावली.

"अन् रविवारी पाहुणे येऊन राह्यले," ती म्हणाली. "रिसोडचे. पोरगं बँकेत हाये."

"तू हो म्हनशील?"

"मले कोनी इचारलं का अजून?" बस आली. ती चढली. खिडकीतून पाहिलं, पण माझ्याकडं पाहिलं का मागच्या पाटीकडं, कळलं नाही. गाडीच्या टाकीवर लाथ मारली. टाकी दबली. आता दादाला काय सांगू.

१६ मार्च

जायचं नव्हतं. गेलो.

पाहुणे ओसरीवर, पोहे चालू. तिचा बाप मला गेटातच, "भाजी ठेव अन् जाय."

मी म्हटलं, भाजी नाही आणली. आबाजीले भेटाचं हाये.

"भाजीवाल्याच्या पोट्ट्याले आमच्या बुढ्याशी काय काम बे?"

मी पुढं सरकलो. हात उचलला असता. खरंच उचलला असता. पण आतून आबाजींचा आवाज आला, मोठा, परेडचा. "त्याले मी बोलावला. तो माह्या कामावर हाये."

पाहुण्यातला एक म्हातारा विचारू लागला, कोणतं काम? आबाजी म्हणाले, "सरकारी." अन् मला आतल्या खोलीत घेऊन दार लावलं. दाराबाहेर व. च्या बांगड्या वाजत होत्या, ताटं नेताना. आबाजी म्हणाले, "सांग." मी म्हटलं, एक कागद यायचा आहे.

कोणताच कागद यायचा नाही.

२१ मार्च

हे नीट लिहायला पाहिजे.

मी विचारलं, आबाजी, तोफेवर तुमचं काम काय होतं? म्हणाले, काडतूस. त्या तोफेत आधी गोळा घालतात, मागून पितळी काडतूस. काडतुसात दारूच्या तीन पुरचुंड्या. लाल, पांढरी, निळी. लांब मारायचं तर तिन्ही राहू द्यायच्या. जवळ मारायचं तर निळी काढून टाकायची. (आबाजी 'नियी' म्हणतात. मी निळी लिहून राह्यलो.)

मग त्यांनी पितळेचा लोटा आणला. तीन चिंध्या. मला म्हणाले, तू हवालदार. हवालदारसाहेब सातारकडचे होते, लय चांगला माणूस. काडतूस त्याईले दाखवा लागे, पण त्या सांजेले रेती उडत होती, डोये उघडत नव्हते. म्हणून तोंडानं सांगा लागे.

हुकूम आधी जवळचा होता. मग मधेच बदलला. लांबचा, म्हणजे निळी राहू द्यायची; पण आबाजींचे हात अजून जुन्याच हुकमावर. तसंच करायचं.

मी ओरडलो, "निळी?"

आबाजींचे हात लोट्यात. चिंधी अर्धी बाहेर. वर न पाहता, खणखणीत:

"नियी काढून राह्यलो!"

अन् मला म्हणाले, "पाय. मी सांगितलं होतं. बराबर सांगितलं होतं."

हो. मला तर बरोबर कळलं. काढतो आहे, थांबा. आमच्याकडं शेंबडं पोरगंही तसंच बोलते.

पण पुण्याला माझा रूम पार्टनर कराडचा होता. मी काहीही म्हटलं की तो, "करून राहिलो म्हणजे काय रे? केलं का राहिलं? नीट मराठी बोल की." एक दिवस सगळ्या मेससमोर म्हणाला. मी त्याला मारलं. त्याच्यापायी हॉस्टेल सुटलं, मग कॉलेज.

लोटा हातात धरून बसलो. रेती, वारा, सहा तोफांचा आवाज. त्या गोंधळात सातारच्या माणसाच्या कानावर काय आलं असेल. निळी... राह्यली.

राहिली. म्हणजे आहे. म्हणजे मार. अन् निळी तर बाहेर.

२२ मार्च

काहीच केलं नाही. पालकाला पाणी दिलं. एकाच वाफ्याला दोनदा.

हवालदार मेले कधीच, सुभेदार सांगत होते. विचारता येणार नाही. मी जे ऐकलं ते झालंच असेल असं नाही. बाकीच्या पाच तोफांत पण काही चुकलं असू शकते. असू शकते. हे मी आज सारखं म्हणून राह्यलो अन् दरवेळी लोट्यातून अर्धी बाहेर आलेली ती चिंधी दिसते.

अन् टेकाडावरचे ते. त्यांना शेवटपर्यंत वाटलं असेल, मागं आपले लोक आहेत.

२९ मार्च

व. ला सांगितलं. फोनवर, तिनंच केला. आधी समजलं नाही. मग मी ते वाक्य दोनदा म्हटलं, एकदा आपलं, एकदा सातारच्या कानानं. तिकडून रडण्याचा आवाज.

"मंग आबाजी खरं बोलले," ती म्हणाली.

"हो."

"अन् हवालदारानं खरं आयकलं."

"हो."

"तरी."

"हो."

"रिसोडवाल्यानं होकार दिला," ती म्हणाली, त्याच आवाजात. "मी घरी सांगितलं, आबाजी बरे होईस्तोवर कोनी नाव काढू नोका." आबाजी आठ दिवसांपासून नीट जेवत नाहीत. डॉक्टर म्हणतात वय. तिचा बाप म्हणतो, त्या पोट्ट्यानं डोकं फिरवलं. त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

विचारायचं होतं, बरे झाल्यावर काय म्हणशील? आबाजींच्या अंथरुणाआडून स्वतःचं काम काढायची लाज वाटली. नाही विचारलं.

४ एप्रिल

व. चा मेसेज. "बाबा अकोल्याले गेले. आबाजी तुलेच इचारून राह्यले. ये. काय सांगाचं ते तूच पाय."

काय सांगायचं ते गाडीवर ठरवत गेलो. एक: दुसरी बॅटरी होती, तुम्ही सुटलात. दोन: सगळं. मंगरुळपीरच्या फाट्यापर्यंत पहिलं. पुढं दुसरं. ऊन असं की रस्ता पुढं पाण्यासारखा हलत होता.

पोचलो तर दिवस कललेला. आबाजी अंगणात खाटेवर बसलेले, अंगावर चादर या उन्हाळ्यात. वांगी नाही, जोडा नाही. अंगण झाडलेलं. मी डावीकडं जाऊन बसलो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ. मग पाय खाली घेऊन खाटेवरच ताठ झाले.

"साब."

मी म्हटलं, "आबाजी, मी गजू."

"साब, त्या सांजेले तुमाले काय आयकू आलं होतं?"

व. दारात होती. मी तिच्याकडं पाहिलं. ती जमिनीकडं पाहत होती. आबाजींचे डोळे कोरडे, अगदी साफ. त्यांना मी खरंच हवालदार दिसत होतो की त्यांना कळलं होतं अन् ते मला एक रस्ता देत होते, सांगता येत नाही. अजूनही येत नाही.

माझ्या तोंडातून निघालं, "रेती होती. वारा होता. बराबर आयकू नाही आलं."

हे खोटं नाही. खरंही नाही.

आबाजींनी मान हलवली. हळूहळू, जणू असं उत्तर येईल हे त्यांनी कधी धरलंच नव्हतं. मग चादर बाजूला केली, गळा साफ केला अन् मला विचारलं,

"मंग आता पुन्ना सांगू का, साब?"

व. नं वर पाहिलं.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. अंधार पडत गेला. ते तसेच ताठ, हुकमाची वाट पाहत. शेवटी व. नं त्यांना धरून निजवलं. मला गेटपर्यंत सोडायला आली, हात माझ्या मनगटावर ठेवला अन् एवढंच म्हणाली, "उद्या पण इचारतीन."

उद्या सकाळी जातो.