लाइन बिघडवणारे

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तूच लागतेस. नाशिक रोडला मी सायबर कॅफे चालवते, हे तुला ठाऊक नाही. तू देवळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडायचीस आणि शाळा सुटली की मी तिथल्या बाकावर येऊन बसायचे. एकदा कांद्याचा व्यापारी तणतणत खिडकीशी येतो. एक म्हातारी सुरतेच्या लेकीशी बोलतेय, तिच्यामागे याचा नंबर. "बाई, मना माल स्टेशनवर पडेल शे. तिची लाइन जराशी खराब करा ना, ती आपोआप ठेवील!" तू मान वर न करता म्हणालीस, "मी लाइन जोडायला बसलेय, बिघडवायला नाही." जादा पैसे भरले की अर्जंट कॉल आधी लागायचा, माहीत आहे मला, लगेच वाद घालू नकोस. पण कुणाच्या चालू बोलण्यात तू कधी खोडा घातला नाहीस.

माझ्याकडे दर रविवारी एक मावशी येतात. लेक दुबईत. इंटरनेटवरून त्याच्याशी तासभर बोलायच्या, त्यानं आमटी कशी केली तेही विचारायच्या. हल्ली आवाज तुटतो. "ऐकू येतंय का रे?" यातच वेळ जातो. बाकी सगळं, गाणी काय, परीक्षेचे निकाल काय, झरझर उघडतं. इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन केला, तर तो चक्क हसला. "ताई, लोक असे फुकटात बोलायला लागले तर परदेशी फोन करायचं आमचं कॉलिंग कार्ड कोण घेणार? वायर आमची आहे." अरे, वायर तुझी असेल, बोलणं तुझं आहे का? पैसे मी अख्ख्या इंटरनेटचे भरते. त्यातलं काय पळावं नि काय रखडावं, हे ठरवणारा तू कोण? हे त्याला म्हणाले नाही. घरात येरझाऱ्या घालत तुला म्हणतेय. आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाची वायर नाही गं, भांडले तर हा आहे तीही कापून टाकेल.

काल मावशी म्हणाल्या, "पोरी, माझ्याच कानात बिघाड झालाय वाटतं." मग त्यांनी कॅफेतल्या फोनवरून त्याच माणसाचं कॉलिंग कार्ड वापरून लेकाचा नंबर लावला. मिनिटं संपतील या धास्तीनं उभ्याउभ्याच बोलल्या. "जेवलास ना?" एवढंच विचारलं आणि ठेवला. आवाज स्वच्छ आला म्हणून जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आई, ते कार्ड त्यांना मीच विकलं.