सातवं कलम

केप कोस्ट,
मंगळवार, १४ ऑगस्ट

प्रिय कोबिना,

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. गुडघे त्यांच्या मर्जीप्रमाणे. ताकोराडीला तुझा जम बसतोय हे वाचून समाधान वाटलं.

आता तक्रार. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतो आहे. आपल्या भाडेकराराच्या सातव्या कलमाप्रमाणे नळ, कड्या, खिडक्या नीट ठेवणं ही घरमालकाची, म्हणजे तुझी, जबाबदारी. हे कलम मला आता तोंडपाठ आहे. परवा चालीवर म्हणून पाहिलं. दुसऱ्या ओळीत लय अडखळते, पण चौथीत तू कविता म्हणायचास त्यापेक्षा बरी.

तू लिहितोस, "मास्तर, यापुढे मला यायला जमणार नाही. माणूस पाठवतो. तो सगळे नळ नवे बसवेल, म्हणजे तुमची कटकट कायमची मिटेल." कायद्याने तुझं बरोबर आहे. दुरुस्ती मालकाने करून द्यायची, एवढंच कलम म्हणतं. मालकाने स्वतः यायचं, असं कुठेच नाही. मी तीनदा वाचलं.

तो माणूस शनिवारी आला होता. दारावर नुसती टकटक करत राहिला. "आगो" काही म्हणाला नाही. बाहेरच्याने आगो म्हटल्याशिवाय आतल्याने "आमे, ये" कसं म्हणायचं? मी दार उघडलंच नाही. शेजारची एफुआ भिंतीवरून म्हणाली, "मास्तर, कान शाळेतच विसरून आलात का?" तोवर तो निघून गेला.

तू फाटकापासूनच आगो म्हणायचास. माझी अराबा आतून आमे म्हणायची आणि तुझ्यासाठी पानात बांधलेली मक्याची केंकी सोडायला घ्यायची. ती गेल्यावर आमे मी म्हणू लागलो. तू नळाशी वाकून वायसर बदलायचास, मी स्टुलावर बसून तुझ्याकडून ती चौथीतली कविता म्हणवून घ्यायचो. अजून चौथीतल्याच जागी चुकतोस.

कोबिना, वायसर वर्षभर टिकतो. माझे दोन महिन्यांत जातात. का, ते तू कधी विचारलं नाहीस. काढलेल्या वायसरवरची चीर तू बोटाने चाचपायचास आणि तो खिशात टाकायचास, ते मी पाहिलं आहे.

सुरी अराबाची आहे, कांदे चिरायची.

त्या माणसाला पुन्हा पाठव. आगो म्हणाला नाही तरी दार उघडेन. नव्या नळाला हात लावणार नाही. सातव्या कलमाखालचं माझं हे शेवटचं पत्र.

कधी इकडे आलास, तर घरात काही मोडलेलं नसेल. तरी फाटकापासून आवाज दे.

आमे,
तुझा मास्तर
इसुमन