२ सु. २ उ.

सोमवार, ४ नोव्हेंबर
स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी सुतार आलाय. हिने त्याला दोनदा चहा दिला. मला सकाळी एकदाच. मी संशयी माणूस नाही. नोंद असावी म्हणून लिहितो.

मंगळवार, ५
साखरेच्या डब्याखाली चिठ्ठी. बायकोचंच अक्षर. ‘२ सु. २ उ. असं शेवटपर्यंत. मग १ सु. सोडा. गळ्याशी ४ कमी.’
गोदामात बावीस वर्षं कोड वाचतोय. आमच्याकडे M8 म्हणजे बोल्ट. कपड्याच्या दुकानात M म्हणजे मीडियम, संडासाच्या दारावर M म्हणजे पुरुष. अर्थ जागेवर ठरतो. आणि आमच्या घरात सध्या ‘सु.’ एकच आहे.
दोन वाजता सुतार, उद्याही दोन वाजता, असं शेवटपर्यंत. मग सुताराला एक सोडा. मला या घरात कधी सोडा मिळालेला नाही. अंगाचा तिळपापड झाला.
‘गळ्याशी’वर विचार करायचा नाही असं ठरवलं.

बुधवार, ६
दिवसभर ‘गळ्याशी’वर विचार. दोन पार्सलं भलत्याच ट्रकात गेली.
संध्याकाळी सहज विचारलं, सुतार कसा आहे? म्हणाली, भाऊंच्या हाताला सफाई आहे. म्हणे भाऊ. चोराच्या मनात चांदणं.

शुक्रवार, ८
हिने मागून येऊन माझ्या खांद्यांवर हात ठेवले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटं पसरून. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. अपराधी मन, दुसरं काय.
संकल्प: भांडायचं नाही. डोकं वापरायचं.

रविवार, १०. सकाळी ८
ही आंघोळीला गेल्यावर पहिलीच्या जागी तशीच दुसरी चिठ्ठी लिहून ठेवली. सु. तिथे उ., उ. तिथे सु., दोनाच्या जागी पाच. पाचला मी घरी असतो. अक्षर हुबेहूब जमलं. आता भेटीगाठींचे तीन तेरा.

गुरुवार, १४
सुताराचं तीन दिवसांचं काम अजून चालूच. पण घरात सोड्याची बाटली कुठेच नाही. ही फोनवर बहिणीला सांगत होती, सगळं उलटं झालंय गं, काही जुळतच नाही. जुळणार कसं? मला मानलं पाहिजे.

शनिवार, १६
हिने पलंगावर अर्धा स्वेटर आणून टाकला. निळा. माझ्या मापाचा. कमरेपासून छातीपर्यंत सरळ पट्ट्या, वर सगळा गोंधळ.
सु. म्हणजे सुलट टाका. उ. म्हणजे उलट. माझ्या वाढदिवसासाठी महिनाभर चोरून विणत होती.
हिने चिठ्ठी पुढे धरून विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी म्हटलं, मला वाटलं सु. म्हणजे सुतार.
ही हसली असती तर बरं झालं असतं. खाली बसली आणि स्वेटर उसवायला लागली. मी समोर बसून लोकर गुंडाळली.

सोमवार, १८
फ्रिजच्या दारावर नवी चिठ्ठी. माझा गैरसमज होऊ नये म्हणून सगळं पूर्ण शब्दांत: ‘सुतारभाऊंचा स्वेटर. छाती चव्वेचाळीस. निळी लोकर कमी पडते आहे. येताना दोन गुंडे आणणे.’
माझी छाती अडतीस.
आणले.