फाट्याचं पाणी खारट झालं त्याबद्दल

धाकट्या भावास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तू बरा असशील. नसलास तर कळवायला हवं होतंस. कंबर कशी आहे? भावजयीचा खोकला? माझं म्हणशील तर गुडघे चालतील तेवढी चालते, बाकी वेळ गुडघ्यांच्याच तोंडाकडे बघत बसते. पत्रास कारण काय ते अगदी शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि मधलं लिहायला मला तीन दिवस लागलेत. फोनच केला असता, पण फोन सुनेच्या खोलीत असतो आणि सुनेचे कान घरभर असतात.

एवढं मात्र आत्ताच सांगते, म्हणजे नीट बसून वाचशील. पुढच्या गुरुवारी पाण्याच्या कार्यालयात बैठक आहे. आमच्या नदीच्या फाट्याचं पाणी फार खारट झालं म्हणून समुद्राच्या तोंडावरचं दार चार महिने बंद ठेवायचं असं तिथे ठरणार आहे. दार बंद झालं की तुझी उतारूंची होडी आत अडकली. पलीकडची माणसं पलीकडे, अलीकडची अलीकडे, आणि तू ओट्यावर बसून भावजयीचा खोकला ऐकत. याला कारण समुद्र नाही. याला कारण मी आहे. म्हणजे माझी जीभ. (हसू नकोस. ही जीभ एक दिवस कोणाचं तरी वाटोळं करणार असं तू लहानपणापासून म्हणत आलास. तुझंच करेल असं मलाही वाटलं नव्हतं.)

तुला माझं काम नीट ठाऊक नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. घरामागच्या अकरा पायऱ्या उतरलं की पाण्यात आकडे लिहिलेली पट्टी उभी आहे. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते दिवसातून तीनदा बघून वहीत लिहायचं. मग प्रवाह बघायचा. त्यासाठी दोन खांबांच्या मध्ये काहीतरी तरंगत सोडून घड्याळ लावायचं. मी यांची रबरी चप्पल सोडते, दोरी बांधून. (माणूस जाऊन सहा वर्षं झाली, चप्पल अजून नोकरीत आहे.) ओहोटीला चप्पल समुद्राकडे जाते, भरतीला घराकडे परत येते. पहिल्या वर्षी कार्यालयातल्या कारकुनानं माझी वही लाल शाईनं रंगवून परत पाठवली होती, की नदी उलटी वाहत नाही, आकडे दुरुस्त करावेत. मी खाली लिहून पाठवलं की इथली वाहते, येऊन तिलाच दुरुस्त करा. तेव्हापासून कार्यालयात माझा दरारा आहे. आणि शेवटी पाण्यातलं मीठ मोजायचं. त्यासाठी कार्यालयानं एक मीटर दिला होता. दांडा पाण्यात धरला की काचेत आकडा दिसायचा.

हा मीटर मी धुतला. नुसता विसळला असता तर एखादे वेळी वाचला असता, पण त्यावर शेवाळ धरलं होतं आणि मला घाण बघवत नाही. राखेनं घासला, गरम पाण्यातून काढला, तारेवर उलटा टांगून वाळवला. लखलखीत झाला. फक्त बोलेना. तेव्हा वर्षभर आकडा बघून बघून मला एक सवय लागली होती. आकडा बघायच्या आधी मी बोट बुडवून चाखायची आणि मनाशी म्हणायची, आज पाच. आणि काचेत पाचच यायचे. दोन म्हणजे फिक्कं, पाच म्हणजे बेताचं, आठ म्हणजे सुनेच्या हातची भाजी, बारा म्हणजे थुंकून टाकायचं. तेव्हा मीटर फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि जीभ कामाला लावली. पाच वर्षं अशी गेली. कोणाला कळलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. उलट दर वर्षी कार्यालयाचं पत्र यायचं, आपल्या नोंदी सगळ्यांत नेमक्या आहेत. यांना उभ्या जन्मात असं पत्र आलं नाही. पट्टी वाचायचं काम आधी यांच्याकडे होतं आणि हे पायऱ्या न उतरता खिडकीतून वाचायचे.

मग चार महिन्यांपूर्वी डॉक्टरनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, दोनदा फुगवला आणि मीठ कमी करा म्हणाला. तो म्हणाला कमी, सुनेनं ऐकलं बंद. मिठाचा डबा तिच्या कपाटात गेला आणि किल्ली तिच्या कमरेला. माझं ताट वेगळं. मुलाला सांगायला गेले तर तो म्हणतो, आई, तुझ्याच भल्यासाठी आहे. (माझ्या भल्याचं जे काही निघतं ते बेचवच का असतं, हे मला या वयापर्यंत कळलेलं नाही.) ज्या घरात मीठच मिळत नाही तिथे मिठाला जागायचं तरी कसं? पण कंटाळा आला रे भांडायचा. पूर्वी मी आठ दिवस पुरेल असं भांडायची. आता दुपारपर्यंतच दम टिकतो.

तर त्याच सुमारास पाणी खारट होऊ लागलं. पाचाचं सहा झालं, पुढच्या पंधरवड्यात सात, मग नऊ. मी चाखलं तेच लिहिलं. भरतीला नऊ, ओहोटीला नऊ, आदल्या दिवशी धो धो पाऊस पडून गेला तरी नऊ. मलाही नवल वाटलं, म्हणून तीनऐवजी सात सात वेळा उतरून चाखू लागले. या वयात इतकी तळमळ, असं कार्यालयानं कौतुकाचं पत्र पाठवलं. त्यांचा नियम असा की महिनाभर आकडा आठाच्या वर राहिला की दार लावून घ्यायचं, नाहीतर वरच्या अंगाची शेतं जातात.

मला कळलं ते शेजारणीकडे. तिनं जेवायला बोलावलं होतं. सून बरोबर नव्हती, म्हणून मी सगळ्यांसाठी केलेलंच वाढून घेतलं. पहिल्याच घासाला म्हटलं, बाई गं, हात जरा आवर, किती मीठ घातलंयस! सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिची लेक ताटावरून उठली आणि मिठाचं भांडं घेऊन आली. म्हणाली, आजी, मी मीठ घालायचंच विसरले होते. घास तसाच तोंडात. चार महिने मिठावाचून राहून माझ्या जिभेला नुसती भाजीसुद्धा खारट लागत होती. पाणी जिथल्या तिथे होतं. चढली होती ती मी.

तू म्हणशील, मग वहीत पाच लिही आणि मोकळी हो. मी खोटं बोलत नाही असं नाही. लग्नात माझं वय तीन वर्षं कमी सांगितलं होतं, ते मी अजून वाढवलेलं नाही. पण वहीत नाही. तिथे जीभ सांगेल तेच लिहायचं.

दुसऱ्याच दिवशी कार्यालयाचे साहेब आले. सोबत दोन माणसं आणि नवा कोरा मीटर. मला हायसं वाटलं, की आता हा मीटर बोलेल आणि मला बोलावं लागणार नाही. म्हटलं, साहेब, ओहोटी आहे, शेवटच्या तीन पायऱ्यांवर चिखल आहे, मी उतरते. ते म्हणाले, आजी, आम्ही यातच शिकलोय. आणि मांडीपर्यंत चिखलात गेले. दोघांनी खांद्याला धरून ओढलं तेव्हा साहेब निघाले, बूट आणि मीटर आतच राहिले. (बूट मला परवा सापडला, डावा. बरा आहे, तरंगत नाही.) मोरीत पाय धुता धुता साहेब म्हणाले, काही हरकत नाही, तुमची वही आहे ना, मी बैठकीत तुमचीच वही पुढे ठेवणार. सून शेजारी टॉवेल घेऊन उभी होती. माझं तोंड उघडलं होतं रे. पण मीटर घासला म्हटलं की वही गेली. वही गेली की अकरा पायऱ्या उतरायला मला कोण सोडणार? आत्तासुद्धा, कार्यालयाचं काम आहे एवढं म्हटलं तरच सून दारातून बाजूला होते. मग मी आणि पुढच्या खोलीतली खुर्ची. तिथून भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं. तोंड मिटलं आणि साहेबांना चहा दिला.

आता हात दुखला. पोरांना आशीर्वाद. होडीला डांबर लावून घे, लागेल किंवा लागणार नाही.

तुझी थोरली बहीण

ता. क. पत्रास कारण असं की हे मिळताच इकडे ये आणि येताना शेरभर मीठ घेऊन ये. जाडं. तुझ्या होडीसाठीच मागतेय. चार दिवस पोटभर मीठ खाल्लं की जीभ ताळ्यावर येईल, पाणी पाचावर येईल, आणि गुरुवारच्या आत मी खरं तेच पाच लिहीन. घरात आणू नकोस, सून पिशव्या तपासते. वरून तिसऱ्या पायरीखाली खोबण आहे, तिथे ठेव.

ता. क. २. सात वेळा उतरायचे ते तळमळीनं नव्हे. या घरात मला तेवढंच खारट मिळत होतं. हे वाचून झालं की फाडून टाक.

ता. क. ३. वरचं लिहून रात्रभर पत्र उशाशी ठेवलं. सकाळी वाचलं तर हिशेब चुकीचा वाटला. चार दिवसांत जीभ आली ताळ्यावर तर बरं, नाही आली तर तुझी होडी चार महिने कोरडी, माझ्या जिभेपायी. म्हणून साहेबांना वेगळं पत्र लिहिलं. दोनच ओळी आहेत. मीटर मी घासला, पाच वर्षं जिभेनं मोजलं, आता जीभ बिघडली आहे, दार लावू नये. वही आणि बूट सोबत पाठवले आहेत. दोन्ही पत्रं टपालवाल्याकडे एकदमच देतेय, म्हणजे मागे फिरायला नको. चप्पल ठेवून घेतली, ती कार्यालयाची नव्हे.

मीठ मात्र घेऊनच ये. आता मोजायला नको, खायला हवंय.